कँडिडा ऑरिस: आधी वॉर्डात, मग पुस्तकात

2009 साली टोकियोतल्या एका रुग्णालयात सत्तर वर्षांच्या बाईंच्या कानातून घेतलेल्या नमुन्यात अनोळखी यीस्ट सापडली. लॅटिनमध्ये ऑरिस म्हणजे कान, म्हणून नाव पडलं कँडिडा ऑरिस. पुढे हीच बुरशी रक्तात सापडू लागली. 2011 मध्ये दक्षिण कोरियातून असे तीन रुग्ण नोंदले गेले. त्यातला एक नमुना 1996 चा निघाला. बारसं व्हायच्या तेरा वर्षं आधीच पोर हिंडत होतं!

कँडिडा हे बुरशींचं एक कुळ, तशी ती आपल्या आतड्यात, त्वचेवर गुपचूप राहणारी. आयसीयूत तिचं फावतं. जबर अँटिबायोटिकने तिला दाबून ठेवणारे जिवाणू मरतात, सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, तिला थेट रक्तात शिरायला वाट देते, स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती खचते. रुग्णाला वाचवायला केलेले उपायच असे उलटतात. ऑरिस याच्याही पुढे जाते. ती खाटेच्या कठड्यावर, उपकरणांवर टिकते आणि एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाते. ऑक्सफर्डमध्ये 2015 ते 2017 दरम्यान मेंदूविकारांच्या आयसीयूत 70 रुग्णांवर ती आढळली. माग काढला तेव्हा बोट गेलं काखेत लावायच्या, पुन्हापुन्हा वापरल्या जाणाऱ्या थर्मामीटरकडे. काखेतला थर्मामीटर! त्यावर कुणाचा संशय जाणार?

आपल्याकडे दिल्लीच्या दोन रुग्णालयांतल्या 12 रुग्णांची नोंद 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. 2011-12 मध्ये देशातल्या 27 आयसीयूंची पाहणी झाली, त्यातल्या 19 ठिकाणी ती होती. फ्लुकोनाझोल या नेहमीच्या औषधाला ती बहुतेकदा दाद देत नाही. तरी इतकी वर्षं बोभाटा झाला नाही, कारण लॅबमधली यंत्रं तिला ओळखतच नव्हती. रिपोर्टवर बऱ्याचदा कँडिडा हिमुलोनी असं भलतंच नाव यायचं. माझ्या मते सगळ्यात महाग पडली ती ही चूक.

अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने 2016 मध्ये तिच्याबद्दल इशारा दिला. 2020 च्या कोविड लाटेत दिल्लीतल्या एका आयसीयूत रक्तात कँडिडा सापडलेल्या 15 रुग्णांपैकी 10 जणांत ऑरिस होती. पुढच्या वर्षी आपल्याकडे काळ्या बुरशीचा गाजावाजा झाला, हिचं नाव मात्र वॉर्डाबाहेर फारसं आलं नाही. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 19 धोकादायक बुरशींची यादी केली, त्यात सर्वात वरच्या गटातल्या चारांत ही एक.

आता 2024 पासून शास्त्रज्ञांनी तिला नवं नाव दिलंय, कँडिडोझायमा ऑरिस. रिपोर्टवर दोन्हीपैकी कुठलंही आलं तरी बुरशी तीच.