सीबीआयमध्ये उपनिरीक्षक व्हायचंय? अभ्यासाआधी कागदपत्रं बघा

‘सीबीआयमध्ये थेट भरती, परीक्षा नाही’ असे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरत असतात. ते वाचून पैसे भरू नका. सीबीआय उपनिरीक्षकाच्या थेट भरतीसाठी वेगळी परीक्षा घेत नाही. ही पदं स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीजीएल परीक्षेतून, म्हणजे केंद्रातल्या पदवीधरांच्या अनेक पदांसाठी होणाऱ्या एकत्रित परीक्षेतून, भरली जातात.

पात्रता साधी आहे. कोणत्याही शाखेची पदवी चालते, कायद्याचीच हवी असं नाही. वय 20 ते 30. ओबीसींना 3 आणि अनुसूचित जाती-जमातींना 5 वर्षांची सवलत. वय कोणत्या तारखेला मोजायचं ते त्या वर्षीच्या जाहिरातीत दिलेलं असतं. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात, मात्र ठरलेल्या तारखेपर्यंत पदवी हातात पडायला हवी. पद वेतनस्तर 7 चं आहे, म्हणजे मूळ वेतन 44,900 रुपयांपासून.

पोलीस भरतीसारखी 1600 मीटर धाव किंवा गोळाफेक इथे नाही. मोजमापं मात्र आहेत: पुरुषांची उंची 165 सेंमी, महिलांची 150; पुरुषांची छाती फुगवून 76. डोंगराळ भागातल्या आणि आदिवासी उमेदवारांना उंचीत 5 सेंमीची सूट. दूरची नजर एका डोळ्याची 6/6 आणि दुसऱ्याची 6/9 हवी. चष्मा लावून भरली तरी चालते. क्लासची फी भरण्याआधी उंची मोजून घ्या.

अर्ज स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या संकेतस्थळावर. आधी एकदाच करायची नोंदणी, मग परीक्षेचा अर्ज. फी 100 रुपये. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि माजी सैनिकांना माफ. नोंदणीत नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे लागतं, आणि आपल्याकडे घोळ होतो तो इथेच. बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचं नाव गायब. जमेल तेवढी दुरुस्ती जाहिरात येण्याआधी करून घ्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र तयार ठेवा.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते आरक्षणाच्या दाखल्याकडे. एमपीएससीसाठी काढलेला ओबीसी दाखला इथे उपयोगाचा नाही. केंद्राच्या नमुन्यातला, नॉन-क्रीमीलेअर असल्याचं नमूद करणारा दाखला लागतो. तोही जाहिरातीतल्या मुदतीत बसणारा हवा. विमुक्त, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग हे राज्याचे प्रवर्ग आहेत. आपली जात केंद्राच्या महाराष्ट्रासाठीच्या ओबीसी यादीत कुठे आहे, ते आधी बघा. कुणबी त्या यादीत आहेत. मराठा समाजाला राज्यात मिळणारं एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षण केंद्रात लागू नाही. अशा उमेदवाराला निकष पूर्ण होत असतील तर केंद्राचा ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचा, दाखला काढता येतो. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं आणि शेती 5 एकरांपेक्षा कमी. घर आणि भूखंडाच्याही अटी आहेत, त्या वाचा. हा दाखला दरवर्षी नव्याने काढावा लागतो आणि अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात तहसीलमध्ये काय गर्दी असते ते सांगायला नको.

परीक्षा दोन टप्प्यांत, संगणकावर. पहिल्या टप्प्यात तासाभरात 100 प्रश्न, 200 गुण. चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा. पहिला टप्पा फक्त चाळणीचा, गुणवत्ता यादी दुसऱ्यावर लागते. मुलाखत नाही. प्रश्न हिंदी आणि इंग्रजीतच असतात, मराठीत नाहीत. मराठी माध्यमातल्या मुलांनी सरावही त्याच भाषांत करावा.

पदांचा पसंतीक्रम हलक्यात घेऊ नका. सीबीआय वर टाकलं, निवडही झाली आणि नंतर उंचीत किंवा नजरेत बाद ठरलात, तर पसंती बदलून दुसरं पद मागता येत नाही. मोजमापात बसत नसाल तर हे पद यादीत टाकूच नका.

निवडीनंतर मूळ कागदपत्रांची छाननी, वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी होते. या पडताळणीसाठी भरायच्या साक्षांकन नमुन्यात (अटेस्टेशन फॉर्म) आपल्यावर कधी गुन्हा नोंदला गेला होता का, हा प्रश्न असतो. कॉलेजातल्या भांडणाची जुनी तक्रार असेल आणि तुम्ही निर्दोष सुटला असाल, तरी ती लिहा. ती लपवल्याचं उघड झालं तर उमेदवारी रद्द होऊ शकते. प्रशिक्षण गाझियाबादच्या सीबीआय अकादमीत होतं. मुंबई, पुणे, नागपुरात कार्यालयं असली तरी नेमणूक देशात कुठेही मिळू शकते, हे घरी आधीच सांगून ठेवा.