‘पाणउतारा’ म्हणजे पाहुण्याला पाणी न देणं नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे अधूनमधून एक मेसेज फिरतो: पूर्वी नको असलेल्या पाहुण्याला गूळ-पाणी न देता दारातूनच परत लावत, त्यावरून ‘पाणउतारा’ हा शब्द आला. पटण्यासारखं आहे खरं, कारण आपल्याकडे आल्यागेल्याच्या हातात आधी पाण्याचा तांब्या जातो.

पण शब्द फोडून बघा. समासात ‘पाणी’चं ‘पाण’ होतं, जसं पाणवठा, पाणबुडी. इथवर मेसेज बरोबर. ‘उतारा’ मात्र उतरवण्यातून आला, नाकारण्यातून नाही. न दिलेलं पाणी उतरेल कसं?

मराठीत पाणी म्हणजे तेजसुद्धा. लोहार उसाचा कोयता लालभडक तापवून पाण्यात बुडवतो, चर्र आवाज येतो, वाफ उठते. त्याला आपण कोयत्याला ‘पाणी देणं’ म्हणतो. मोती पाणीदार असतो, डोळेही. माणसाचं तेज म्हणजे त्याची अब्रू. ती चारचौघांत उतरवली की पाणउतारा.

वापरूनही पडताळता येतं. ‘भर पंचायतीत त्याचा पाणउतारा केला’ या वाक्यात पाहुणचाराचा अर्थ बसवून बघा, बसत नाही. घरात जाडजूड शब्दकोश असेल तर ‘पाणी’ काढा. ‘तेज’ हा अर्थ तिथेच मिळेल.