पाळीव शॅमेलिऑनसाठी यूव्हीबी प्रकाशयोजना

घरातील पिंजऱ्यात वाढवल्या जाणाऱ्या शॅमेलिऑन सरड्याला उन्हातून मिळणारे अतिनील-बी किरण, म्हणजेच यूव्हीबी, दिव्यांच्या साहाय्याने पुरवण्याच्या पद्धतीला यूव्हीबी प्रकाशयोजना म्हणतात. पाळण्यासाठी सर्वाधिक प्रमाणात पैदास केला जाणारा व्हेल्ड शॅमेलिऑन हा मूळचा येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियातील, तर पँथर शॅमेलिऑन मादागास्करचा आहे. दोघेही दिवसा वावरणारे असून सकाळी फांदीवर येऊन, अंग चपटे व गडद करून, एक कूस उन्हाला देऊन बसतात. भारतात आढळणारा शॅमेलिऑन, अर्थात घोयरा, वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये संरक्षित असल्याने तो पकडून घरी ठेवता येत नाही.

सुमारे 290 ते 315 नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण त्वचेवर पडले की तेथील 7-डीहायड्रोकोलेस्टेरॉल या स्निग्ध पदार्थापासून पूर्व-जीवनसत्त्व डी3 तयार होते आणि शरीराच्या उबेमुळे त्याचे जीवनसत्त्व डी3 मध्ये रूपांतर होते. यकृत व मूत्रपिंडात त्यावर पुढील प्रक्रिया होऊन जे संप्रेरक बनते, त्याच्यामुळे आतड्यातून कॅल्शियम शोषले जाते. म्हणूनच यूव्हीबीचा दिवा आणि उष्णतेचा दिवा यांचा विचार एकत्रच करावा लागतो. थंड अंगाच्या सरड्यावर किरण पडूनही पुरेसा उपयोग होत नाही. ही साखळी तुटली की शरीर हाडांतले कॅल्शियम काढून वापरू लागते व चयापचयजन्य अस्थिविकार जडतो. पायांची हाडे वाकतात, जबडा मऊ पडतो, फांदीवरची पकड सुटते, जीभ भक्ष्यापर्यंत पोहोचेनाशी होते आणि माद्यांची अंडी अडकतात. आलेला बाक उपचारांनंतरही बहुधा कायम राहतो, त्यामुळे प्रकाशाची सोय प्राणी घरात येण्यापूर्वीच झालेली असणे आवश्यक आहे.

खाद्यावर डी3 ची भुकटी भुरभुरून ही गरज भागते, असा समज आढळतो. तो अपुरा आहे. तोंडावाटे दिलेल्या डी3 चा अतिरेक विषारी ठरू शकतो. त्वचेत मात्र जास्तीचे पूर्व-जीवनसत्त्व त्याच प्रकाशामुळे निष्क्रिय पदार्थांत बदलते. शिवाय अमेरिकेतील गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी पँथर शॅमेलिऑनवर केलेल्या, 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की आहारात डी3 कमी असलेले प्राणी अतिनील प्रकाशात अधिक काळ बसतात आणि भरपूर असलेले त्यापासून दूर राहतात. प्राण्याला ही निवड करता यावी, हेच चांगल्या प्रकाशयोजनेचे खरे सूत्र होय. पिंजरा सर्वत्र सारखा उजळणे चुकीचे आहे. वर प्रखर पट्टा, खाली दाट पानांची सावली आणि मधल्या फांद्यांवर उतरती तीव्रता असावी लागते.

तीव्रता अतिनील निर्देशांकात, म्हणजे हवामान-अंदाजात उन्हासाठी वापरल्या जाणाऱ्या त्याच एककात, मोजतात. सरपटणाऱ्या प्राण्यांना निसर्गात किती अतिनील प्रकाश मिळतो यावरून पाडलेल्या आणि फर्ग्युसन यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार विभागांपैकी तिसऱ्या विभागात, म्हणजे सरासरी निर्देशांक 1.0 ते 2.6 असलेल्या प्राण्यांत, या दोन्ही जाती मोडतात. ही सरासरी सावलीतला वेळही धरून असल्याने व्यवहारात ऊन घेण्याच्या फांदीवर सुमारे 3 निर्देशांक मिळेल अशी रचना करतात. त्यासाठी परावर्तक असलेली लांब टी5 नळी (बारीक व्यासाची फ्लुरोसंट ट्यूब) सर्वांत भरवशाची आहे, कारण ती रुंद पट्ट्यावर प्रकाश देते. लहान वेटोळ्या दिव्याचा प्रभाव काही इंचांतच ओसरतो. वेष्टनावरील 6 किंवा 12 टक्के हा आकडा दिव्याच्या एकूण प्रकाशातील यूव्हीबीचा वाटा सांगतो. फांदीवर प्रत्यक्ष किती किरण पोहोचतात, हे त्यावरून कळत नाही. झाकणाची जाळीच तिच्या विणीनुसार तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक किरण अडवते. खिडकीची साधी काच तर यूव्हीबी जवळजवळ पूर्णपणे रोखते, त्यामुळे तावदानाआडून येणाऱ्या कोवळ्या उन्हात पिंजरा ठेवण्याने ऊब मिळते, पण डी3 मिळत नाही.

मोजमाप अतिनील निर्देशांक दाखवणाऱ्या मापकाने आणि योग्य ठिकाणी घ्यावे लागते. व्हेल्ड शॅमेलिऑनच्या डोक्यावर उंच शिखा असते. फांदीवर बसल्यावर ती शिखा फांदीपेक्षा कितीतरी सेंटिमीटर दिव्याजवळ जाते, म्हणून वाचन शिखेच्या उंचीवर घेणे इष्ट. तो झाकणाच्या जाळीला उलटा लटकतो तेव्हा अंतर आणखी घटते. दिवा जाळीवर टेकवून न ठेवता थोडा वर उचलून बसवण्याचे कारण हेच आहे. मात्रा अधिक झाली, किंवा निकृष्ट दिव्यातून 290 नॅनोमीटरखालील किरण बाहेर पडले, तर बुरुजासारखे फिरणारे डोळे सुजतात व दिवसाढवळ्या मिटलेले राहतात. अशा वेळी दिवा तत्काळ बंद करून सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना दाखवावे.

दिवे दिवसाचे सुमारे 12 तास चालू ठेवून रात्री पूर्ण अंधार केला जातो. नळीचा दृश्य उजेड टिकून असतानाही तिचे यूव्हीबी उत्सर्जन घटत जाते, त्यामुळे नळी पेटते आहे एवढ्यावर विसंबता येत नाही. मापक नसल्यास ती साधारण वर्षभरात बदलतात. मापक असल्यास फांदीवरील वाचन ठरलेल्या पातळीखाली गेल्यावर बदलतात.