वसंतारंभीचे माउंटन बाइक ट्रेल : स्थिती आणि देखभाल

हिवाळ्यात जिथे जमीन गोठते अशा प्रदेशांतल्या उद्यानांत माउंटन बाइकसाठी मातीच्या अरुंद वाटा राखलेल्या असतात. बर्फ वितळू लागल्यापासून जमिनीतले पाणी ओसरेपर्यंत या वाटांची होणारी अवस्था आणि त्या काळात घ्यायची निगा हा या नोंदीचा विषय. उत्तर गोलार्धात हा काळ साधारण मार्च-एप्रिलमध्ये येतो, उंचावर तो मेपर्यंत लांबतो. अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट राज्यात लोकांनी त्याला ‘चिखलाचा हंगाम’ असे नावच देऊन टाकले आहे. वर्षभरात वाटेचे जेवढे नुकसान होते, त्यातले बरेचसे या थोड्या दिवसांत होते. आणि ते करणारे बहुतेक वेळा वाटेवर प्रेम करणारेच असतात. चार महिने घरात काढलेल्या सायकलस्वाराला पहिल्या उबदार रविवारी थोपवणे अवघड असते.

जमिनीत काय घडते

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के प्रसरण पावते, म्हणून गोठलेली जमीन फुगते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. अमेरिकन भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी 1929-30 च्या सुमारास मातीत पाण्याऐवजी बेंझीन मुरवून प्रयोग केले. बेंझीन गोठताना आकुंचन पावते, तरीही माती वर उचलली गेली. खरे कारण वेगळे आहे : गोठणाऱ्या थराकडे खालचे न गोठलेले पाणी केशाकर्षणाने ओढले जाते आणि तिथे शुद्ध बर्फाच्या पातळ चकत्या एकावर एक वाढत जातात. म्हणजे हिवाळाभर माती खालून पाणी पीत असते. वसंतात ते सगळे पाणी एकदम मोकळे होते. वरून पावसाचा थेंब पडलेला नसताना वाटेवर राड का होते, याचे उत्तर इथे आहे.

कोणती माती किती फुगेल हे कणांच्या आकारावर ठरते. वाळूच्या कणांमध्ये पोकळ्या मोठ्या असल्याने पाणी वर चढत नाही. चिकणमातीत, म्हणजे 0.002 मिलिमीटरहून बारीक कणांत, ते चढते पण फार सावकाश. या दोहोंमधला पोयटा सर्वांत वाईट : त्यात पाणी उंचही चढते आणि भराभरही. उन्हाळ्यात मखमलीसारखी वाटणारी पोयट्याची वाट वसंतात सर्वांत आधी बसते, आणि तिच्याच शेजारची रेताड वाट दोन दिवसांत कोरडी होते.

दुसरी अडचण थरांची. वितळणे मुख्यतः वरून खाली सरकते. वरची चार बोटे माती मऊ झालेली असते आणि तिच्याखाली गोठलेला थर फरशीसारखा पसरलेला असतो. वितळलेल्या पाण्याला खाली मुरायला जागाच नसते, त्यामुळे वरचा थर तुडुंब भरतो. अशा वाटेवर सायकल घातली की चाक त्या फरशीपर्यंत रुतते आणि मागे खोल चर राहतो. वाट दिसायला जेवढी ओली असते, त्याहून ती पुष्कळ जास्त दुबळी असते.

सकाळी लवकर वाटेच्या वरच्या, म्हणजे डोंगराकडच्या, अंगाची कापलेली माती जवळून पाहिली तर सुईबर्फ दिसतो. दोन-चार सेंटिमीटर उंचीच्या, काचेच्या काड्यांसारख्या बर्फाच्या सुया शेजारीशेजारी उभ्या असतात, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर मातीची किंवा खड्याची टोपी असते. पाऊल पडले की कुरकुर आवाज होतो. या सुया उताराच्या पृष्ठभागाला काटकोनात वाढतात, पण ऊन लागल्यावर डोक्यावरचा खडा सरळ खाली पडतो, म्हणजे मूळ जागेपासून थोडा उताराकडे. रोज रात्री हेच घडत गेल्याने वसंत संपेपर्यंत वरच्या अंगाची बरीच माती वाटेच्या आतल्या कडेला ढिगाने साचते.

दिवसाची लय आणि उताराची दिशा

उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड केलेले उतार आधी मोकळे होतात. उत्तरेकडच्या उतारांवर आणि सदाहरित झाडांच्या सावलीत बर्फ कित्येक आठवडे टिकतो. एकाच उद्यानात एका वळणावर धूळ आणि पुढच्या वळणावर बर्फ, असे सर्रास घडते. हिवाळ्यात लोकांनी पायांनी किंवा रुंद टायरच्या फॅट बाइकने दाबून घट्ट केलेला बर्फ सर्वांत शेवटी वितळतो. आजूबाजूची जमीन उघडी पडलेली असते आणि वाटेच्या मधोमध निसरड्या बर्फाचा कणा उरलेला असतो. स्वार साहजिकच त्याच्या बाजूने जातो आणि वाट दोन्हीकडे रुंदावत जाते.

रात्री पारा शून्याखाली आणि दुपारी वर, असे दिवस असतील तर पहाटेची वाट दगडासारखी असते. अनुभवी लोक या वेळेचा फायदा घेतात : सूर्योदयाला निघायचे आणि पृष्ठभाग चमकायला लागण्याआधी परतायचे. हिशेब चुकला तर मात्र परतीचा सगळा रस्ता चिखलातून. म्हणून अशा दिवशी सावलीतला भाग शेवटी ठेवावा, उन्हातला आधी आटपावा.

केव्हा जावे, केव्हा परतावे

नांगरण्याजोगा ओलावा जमिनीत आला की मराठीत ‘वाफसा आला’ म्हणतात. ट्रेलच्या बाबतीत याहून नेमका शब्द सापडणार नाही. मूठभर माती हातात घेऊन दाबावी. बोटांमधून पाणी आले किंवा माती तळव्याला चिकटून राहिली, तर वाट अजून तयार नाही. गोळा झाला आणि अंगठ्याने टोचताच तो फुटला, तर वाफसा आहे. गोळाच झाला नाही, तर माती कोरडी पडली आहे आणि आता ती धूळ होऊन उडेल. वाटेवर उभे राहून करायची चाचणी आणखी सोपी : मागे वळून आपल्या चाकाचा माग पाहावा. नक्षी नुसती उमटली असेल तर चालते. चर पडला असेल तर तिथूनच परत फिरावे.

हा चर म्हणजेच चाकोरी. मराठीत आपण तो शब्द रुळलेल्या जगण्यासाठी वापरतो, पण मातीतली खरी चाकोरी फारशी निरुपद्रवी नसते. ती तशीच वाळते, पुढच्या पावसात तिच्यातून पाणी वाहते आणि उताराच्या दिशेने धूप सुरू होते. पावलाचा खड्डा सुटा असतो, चाकाचा चर सलग असतो, हा फरक महत्त्वाचा. तरीही सगळा दोष सायकलवर टाकणे योग्य नाही. अमेरिकेच्या माँटाना राज्यातील पर्वतीय वाटांवर पादचारी, घोडे, मोटरसायकली आणि सायकली यांची तुलना करणारा एक अभ्यास 1994 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाहून जाण्याजोगी माती चाकांपेक्षा खुरांनी आणि पावलांनी अधिक सुटी केल्याचे आढळले, आणि आधी भिजवलेल्या वाटांवर हा फरक जास्त ठळक होता. म्हणजे ओली वाट बंद ठेवायची तर ती सर्वांसाठीच बंद ठेवायला हवी.

व्हरमाँटमध्ये उंच डोंगरांवरच्या वाटांपासून एप्रिलच्या मध्यापासून मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दूर राहायला सांगितले जाते. बहुतेक उद्याने मात्र तारीख न ठरवता रोजच्या पाहणीवर उघड-बंद ठरवतात. संपूर्ण उद्यानाला एकच फलक लावणे सोपे, पण त्याने दक्षिणेकडची कोरडी वाटही अडून राहते आणि लोक फलक मानेनासे होतात. वाटांचे गट पाडून वेगवेगळी घोषणा करणे जास्त कष्टाचे असले तरी अधिक पाळले जाते. चुकून मध्येच डबके लागले तर त्यातून सरळ मधून जावे. कपडे वाचवायला कडेने गेले की डबक्याची रुंदी वाढते, आणि एका वसंतात एकेरी वाटेची दुहेरी, तिहेरी होते.

देखभाल

वसंतातली पहिली फेरी हत्यारांशिवाय, पायी आणि शक्यतो पाऊस पडत असताना करावी. पाणी कुठून वाटेवर येते, कुठवर वाटेने धावते आणि कुठे बाहेर पडते एवढेच पाहायचे आणि काड्यांना फिती बांधून खुणा करायच्या. कोरड्या दिवशी हीच माहिती अंदाजाने काढावी लागते. या फेरीत घाईने कुदळ चालवली तर बहुधा काम बिघडते, कारण तुडुंब भिजलेली माती उकरता येते, पण पुन्हा बसवता येत नाही.

चांगल्या वाटेला निचरा बांधणीतच मिळालेला असतो. 1988 मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनने रूढ केलेले दोन ठोकताळे जगभर वापरले जातात. वाटेचा चढ डोंगरउताराच्या चढाच्या निम्म्याहून जास्त नसावा, आणि एकूण सरासरी चढ 10 टक्क्यांच्या आसपास राहावा. पहिला नियम मोडला की पाण्याला डोंगराच्या उतारापेक्षा वाट सोयीची वाटते आणि ते आडवे ओलांडून जाण्याऐवजी वाटेनेच खाली निघते. याशिवाय वाटेची खालची कड सुमारे 5 टक्के खाली झुकलेली ठेवतात, आणि अधूनमधून चढ-उताराची दिशा क्षणभर उलटवून पाण्याला बाहेरचा रस्ता देतात.

वापराने ही रचना मोडत जाते. चाकांनी मधला भाग दबतो, सुटलेली माती खालच्या कडेला साचते आणि तिथे बारीक बांध तयार होतो. आतून सुईबर्फाने ढासळलेली माती, बाहेरून हा बांध, आणि मध्ये नाली. वसंतातले मुख्य काम म्हणजे हा बाहेरचा बांध काढून झुकाव परत आणणे. दिसायला क्षुल्लक असलेले हे काम बाकी सगळ्या दुरुस्त्यांपेक्षा जास्त वाट वाचवते. यासाठी मॅक्लाउड हे हत्यार सोयीचे : एका बाजूला दंताळ्यासारखे जाड दाते, दुसऱ्या बाजूला रुंद पाते, आणि उभे धरून आपटले की धुम्मसही तेच. कॅलिफोर्नियातील सिएरा नॅशनल फॉरेस्ट या सरकारी वनातील वनरक्षक माल्कम मॅक्लाउड यांनी ते 1905 मध्ये आगी विझवण्यासाठी तयार केले. मुळे तोडायला आणि खणायला पुलास्की वापरतात : एकीकडे कुऱ्हाड, दुसरीकडे आडवे पाते. तेही आगीशी झुंजणाऱ्या वनकर्मचाऱ्यांकडूनच ट्रेलवर आले.

जिथे बांध काढूनही पाणी थांबते तिथे वाटेच्या खालच्या बाजूला अर्धगोल, उथळ आणि रुंद उतार कोरतात. तो इतका सौम्य हवा की सायकलवरून जाताना कळूही नये. अरुंद, खोल चर खणला तर तो पाने आणि गाळाने पहिल्याच वादळात बुजतो. आधीच्या वर्षीच्या निचऱ्यांच्या तोंडाशी साचलेली पाने मोकळी करणे हेही याच टप्प्यातले काम. कुजलेल्या पानांचा थर ओलावा धरून ठेवतो आणि त्याखालची माती आठवडाभर उशिरा वाळते.

चिखलाच्या खड्ड्यात ओंडके, पेंढा किंवा खडी टाकण्याचा मोह सर्वांना होतो. खडी चिखल गिळून टाकतो, पेंढा कुजून आणखी चिखल होतो आणि ओंडके ओले झाले की साबणासारखे निसरडे. खरा उपाय तीनपैकी एक : पाण्याला वाट देणे, सपाट दगड एकमेकांत घट्ट बसवून फरसबंदी करणे, किंवा वाटच उंच जागी हलवणे. तिसरा सर्वांत महाग वाटतो, पण दरवर्षी त्याच खड्ड्याशी झगडण्यापेक्षा बहुधा तोच स्वस्त पडतो.

हिवाळी वादळात पडलेली झाडे हटवताना घाई जिवावर बेतू शकते. वाकून अडकलेल्या खोडात ताण साठलेला असतो आणि करवत चुकीच्या बाजूने लागली तर ते उसळते. हे काम प्रशिक्षित माणसांकडेच सोपवावे. फांद्यांची मोठी छाटणी पक्षी घरटी करू लागण्याआधी उरकावी. वाटेलगतच्या वनातल्या तात्पुरत्या डबक्यांकडेही लक्ष हवे. पूर्व उत्तर अमेरिकेत वनबेडूक आणि ठिपक्यांचे सॅलॅमँडर (सरड्यासारखे दिसणारे उभयचर) वसंतातल्या पहिल्या उबदार, पावसाळी रात्रींत अशा डबक्यांकडे अंडी घालायला निघतात. निचऱ्याच्या उत्साहात तेच डबके रिकामे करणे ही चूक आहे. तिथे वाट वळवावी.

लाकडी पूल आणि फळ्यांचे मार्ग वेगळ्या प्रकारे बिघडतात. खांबाभोवतीची माती गोठून फुगताना खांबाला धरून वर उचलते. वितळल्यावर खांब पुरता खाली येत नाही, कारण त्याच्या तळाशी तोवर माती घसरलेली असते. दर हिवाळ्यात थोडे थोडे होत पूल एका बाजूला कलतो, खिळे वर येतात आणि पुलाच्या तोंडाशी चाक आपटणारी पायरी तयार होते. सायकलने उड्या मारण्यासाठी रचलेले मातीचे उंचवटेही फुगून भेगाळलेले असतात. वरचा भुसभुशीत थर काढून वाफशावर आलेली माती घालून ती धुम्मसाने ठोकावी लागते. एका विशिष्ट ओलाव्यालाच माती सर्वांत घट्ट बसते, हे अमेरिकन अभियंते आर. आर. प्रॉक्टर यांनी 1933 मध्ये धरणांच्या भरावाच्या संदर्भात मांडले, आणि उडीच्या उंचवट्यालाही तेच लागू पडते.

बाकीच्या वाटेवर हे ठोकण्याचे काम चाकेच करतात. हिवाळ्याने पोकळ केलेला पृष्ठभाग वाफशावर असताना त्यावरून थोड्या सायकली सावकाश गेल्या तर तो पुन्हा घट्ट बसतो. त्यामुळे काही उद्यानांत वाट खुली करण्याआधी दुरुस्ती करणारी मंडळीच तिच्यावरून दोन-चार फेऱ्या मारतात, ब्रेक न घासता आणि दर वेळी थोडी वेगळी ओळ धरून.