जळजळ एकच, दुखणी दोन

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी दुपारचे जेवण आटोपल्यावर, फोंड्याजवळच्या आमच्या गावात, शेजारचे काका सोप्यावर उजव्या हाताची मूठ छातीच्या मधोमध दाबून बसले होते. डोक्यावर पंखा फिरत होता, तरी कपाळावरून घाम निथळत होता. त्यांनी लिंबू-मीठ घातलेला सोडा घेतला, मोठी ढेकर आली, चेहरा जरा सैल झाला, आणि घरातल्या सर्वांनी ठरवून टाकले की नेवऱ्या आणि खतखते अंमळ जास्तच झाले, पित्त वर आले. ढेकर आली म्हणजे गॅस, गॅस म्हणजे पोट, आणि पोटाचे दुखणे असेल तर हृदयाची काळजी नको, हा हिशेब आपल्या घराघरांत इतका पक्का बसलेला आहे की त्यावर शंका घेणाऱ्यालाच घाबरट ठरवले जाते. हा हिशेब कुठे चुकतो, हे मला तपशिलाने सांगायचे आहे.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचे एक वर्तुळ असते. घास खाली उतरला की ते आवळते. भरपेट जेवण, फार तेलकट पदार्थ, मद्य, धूम्रपान किंवा जेवल्याजेवल्या आडवे होणे यांमुळे ते सैल पडले किंवा त्यावर दाब आला, की जठरातले आम्ल वर चढते. जठराच्या आतल्या बाजूला श्लेष्म्याचा जाड थर असतो; अन्ननलिकेला तसे कवच नाही. तिच्या अस्तरात मज्जातंतूंची टोके असतात आणि त्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचे एक प्रथिन असते. हे प्रथिन म्हणजे पेशीच्या भिंतीतले एक दार आहे. ते ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेने उघडते, आम्लाने उघडते, आणि मिरचीतल्या कॅप्सेसिननेही उघडते. १९९७ साली अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलिअस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधले, ते मिरचीचाच माग काढत. या कामासाठी ज्युलिअस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तोंडात चटका, मिरचीचा तिखटपणा आणि पित्त या तिन्हींसाठी आपण ‘जळजळ’ हा एकच शब्द वापरतो, तो किती नेमका आहे हे त्या शोधानंतर कळले, कारण तिन्ही ठिकाणी उघडते ते दार खरोखरच एक आहे.

आता हृदयाकडे वळू. हृदयाच्या धमनीत गुठळी अडकली की तिच्यावर अवलंबून असलेल्या स्नायूला प्राणवायू मिळेनासा होतो. तो स्नायू प्राणवायूविना ऊर्जा तयार करू लागतो आणि त्यातून लॅक्टिक आम्ल साठते. म्हणजे इथेही आम्लच आहे. हृदयाच्या संवेदी तंतूंच्या टोकांवर आम्ल ओळखणारी प्रथिने असतात, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत त्या तंतूंवर टीआरपीव्ही-१ देखील सापडले आहे. ब्रॅडिकायनिन आणि ॲडेनोसिन ही द्रव्येही तिथे साचून तंतूंना डिवचतात. तक्रार दोन वेगळ्या अवयवांची असली तरी तिची सुरुवातीची रासायनिक भाषा बरीच मिळतीजुळती आहे.

पण खरी गल्लत पुढे होते. हृदयाकडून येणारे वेदनेचे तंतू प्रामुख्याने छातीच्या वरच्या चार-पाच मणक्यांच्या पातळीवर मज्जारज्जूत शिरतात. अन्ननलिकेचे अनेक तंतूही त्याच पट्ट्यात शिरतात. छातीच्या त्वचेचे आणि दंडाच्या आतल्या बाजूच्या त्वचेचे तंतूही तिथेच येतात. मज्जारज्जूच्या मागच्या भागात हे सगळे तंतू आपला निरोप पुढच्या चेतापेशींना देतात, आणि त्या चेतापेशींची संख्या येणाऱ्या तंतूंच्या मानाने इतकी अपुरी असते की एकाच चेतापेशीवर हृदय, अन्ननलिका आणि त्वचा या तिघांचे निरोप येऊन पडतात. तिथून मेंदूकडे जाते ती एकच तार. निरोप कोणी पाठवला, हे त्या तारेवर लिहिलेले नसते. मेंदू मग अनुभवावर विसंबतो: जन्मभर या तारेवरून बहुतेक निरोप त्वचेचे आणि स्नायूंचे आले, म्हणून आजचाही तिथलाच असावा, असे तो धरतो, आणि हृदयाचे दुखणे डाव्या हातात जाणवते. अवयव आणि त्वचा यांच्यातल्या या नात्याचे नकाशे इंग्लंडमध्ये हेन्री हेड यांनी १८९३ साली प्रसिद्ध केले होते. तिथे अन्ननलिकाही त्याच रांगेत उभी असल्यामुळे छातीच्या मध्यभागी दाटून आलेली कळ कोणाची, हे रुग्णाला कितीही लक्ष देऊन सांगता येत नाही. यात रुग्णाचा दोष नाही. माहिती मेंदूपर्यंत पोचण्याआधीच मिसळलेली असते.

त्यात हृदयाची खालची भिंत छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला टेकलेली असते आणि तिच्यात व्हेगस या मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या चेतेचे तंतू विपुल असतात. या भिंतीचा रक्तपुरवठा तुटला की मळमळ, उलटी, कधी उचकी, नाडी मंद होणे अशी लक्षणे दिसतात, जी कोणत्याही घरात अपचनाचीच समजली जातील. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना सप्टेंबर १९५५ मध्ये डेन्व्हर येथे गोल्फ खेळताना अस्वस्थ वाटले, तेव्हा त्यांनी दुपारच्या हॅम्बर्गरमधल्या कांद्याला दोष दिला होता. त्या रात्री सुरू झालेले दुखणे हृदयविकाराचे होते, हे दुसऱ्या दिवशीच्या ईसीजीने दाखवले.

आराम पडला यावरूनही निदान होत नाही. गुठळी कधी थोडी सरकते, रक्त काही काळ वाहते, कळ आपोआप ओसरते. नेमका त्याच वेळी घेतलेला सोडा किंवा ॲन्टासिड यशाचा धनी होतो. उलट बाजूने, हृदयाच्या दुखण्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी अन्ननलिकेचा पेटकाही सैल करते, म्हणून तिने बरे वाटले तर दुखणे हृदयाचेच होते असेही ठरत नाही.

कल सांगता येतो, तो एवढाच. वाकल्यावर किंवा आडवे झाल्यावर वाढणारी, घशाशी आंबट पाणी आणणारी, गळ्याकडे चढत जाणारी जळजळ बहुधा आम्लाची असते. चढ चढताना येणारे, छातीवर कोणी बसल्यासारखे ओझे, त्याबरोबर थंड घाम, धाप, जबड्यात किंवा हातात जाणारी कळ, हे हृदयाचे समजून चालावे. मात्र स्त्रियांमध्ये, वृद्धांमध्ये आणि मधुमेहींमध्ये हे चित्र बरेचदा पुसट असते; मधुमेहींच्या बाबतीत याचे एक कारण म्हणजे दीर्घ मधुमेहात हेच संवेदी तंतू झिजतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले होते. तेव्हा आपल्याकडे ही पुसट चित्रे इतरांपेक्षा जास्तच असणार.

अशा वेळी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढण्यात गेलेला अर्धा तास हा हृदयाच्या स्नायूचा अर्धा तास असतो. व्हॉट्सॲपवर फिरणारा ‘जोरजोरात खोकत राहा, झटका टळेल’ हा सल्ला त्याहून घातक वाटतो, कारण तो विज्ञानाचा वेष घालून येतो. खोकल्याने धमनीतली गुठळी हलत नाही.

निवाडा करतात त्या दोन तपासण्या. ईसीजी हृदयाच्या स्नायूतली विद्युत गडबड दाखवतो आणि रुग्ण पोचल्यापासून १० मिनिटांच्या आत तो काढला जावा, असा वैद्यकीय दंडक आहे. पहिला ईसीजी कधी स्वच्छ येतो, म्हणून तो पुन्हा काढतात. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतले प्रथिन पेशी मेल्यावर रक्तात झिरपते, पण त्याला काही तास लागू शकतात, म्हणून तीही तपासणी पुन्हा करतात. गोव्यात आरोग्य केंद्रावर काढलेला ईसीजी बांबोळीच्या गोमेकॉतील (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील) तज्ज्ञांकडे पाठवून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या जवळ देण्याची सोय झाली आहे. स्वतः स्कूटर हाकत जाण्यापेक्षा १०८ ला फोन करणे म्हणूनच बरे.

त्या दुपारी काकांच्या सुनेने कोणाचे न ऐकता १०८ ला फोन केला. ईसीजीत खालच्या भिंतीचे बदल स्पष्ट होते. काका वाचले. त्यांना पित्ताचाही जुना त्रास आहे, तो एन्डोस्कोपीत दिसला आणि आजही अधूनमधून होतो. त्या दिवशीचे दुखणे आणि हे दुखणे यांत फरक काय जाणवतो, असे मी त्यांना गेल्या महिन्यात विचारले. त्यांनी मूठ छातीच्या त्याच जागेवर ठेवली, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, “घाम सोडला तर काहीच नाही.”