‘हॉइस्ट’ : दोर, कप्पी आणि एक क्रियापद

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एखाद्या मच्छीमार नौकेचे इंजिन दुरुस्तीसाठी बाहेर काढायचे असले, की वरच्या तुळईला चेन-कप्पी अडकवतात, एक जण हाताने साखळी ओढू लागतो आणि ते तेलकट धूड टिचभर टिचभर करत वर येते. या क्रियेला इंग्रजीत ‘हॉइस्ट’ म्हणतात. शब्दकोशात त्यापुढे ‘उचलणे, वर चढवणे’ असे अर्थ मिळतात. ते चूक नाहीत, पण त्यांतून दोर निसटतो. या क्रियापदात मुळात दोर, कप्पी आणि खालून ओढणारे हात गृहीत आहेत. जड पोते खांद्यावर चढवण्यालाही तो शब्द पुढे लागू झाला. मात्र चहाचा कप कोणी ‘हॉइस्ट’ करत नाही.

शब्द खलाशांचा आहे. आजचे रूप 16व्या शतकाच्या मध्यास दिसू लागते. त्याआधी ‘हॉइझ’ आणि 15व्या शतकाच्या अखेरीस ‘हिस’ अशी रूपे होती, आणि ती बहुधा डच दर्यावर्दींकडून आली. शेवटचा ‘ट’ भूतकाळी रूपातला असावा. तोच पुढे धातूला चिकटला. तरी 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये संत पॉलच्या गलबताचे शीड जुन्याच, ‘ट’ नसलेल्या धातूने वर चढते. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधला, स्वतःच्याच ‘पेटार्ड’ने ‘हॉइस्ट’ होण्याचा प्रयोग पुष्कळांना फासावर लटकण्याचा वाटतो. वास्तविक पेटार्ड म्हणजे दरवाजे फोडण्याचा दारूगोळा, आणि अर्थ आहे आपणच लावलेल्या सुरुंगाने आपणच उडणे.

फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन या भाषांतही याच कुळातली क्रियापदे आहेत. चौल आणि वसईला ठाण मांडून बसलेले पोर्तुगीज शीड चढवताना ‘इसार’ म्हणत. जमिनीच्या व्यवहारातल्या इसाराशी त्याचा काही संबंध नाही. त्यांच्याकडून आपण चावी घेतली, पगार घेतला, मेस्त्री घेतला. हे क्रियापद मात्र घेतले नाही, कारण त्याची गरजच नव्हती. मराठीत शीड चढवतात, गुढी उभारतात, नांगर उचलतात. वस्तूगणिक क्रियापद बदलते, म्हणून एकच प्रतिशब्द शोधणारा अनुवादक हमखास फसतो.

झेंड्याच्या बाबतीत तर हा भेद राजशिष्टाचारातही उतरला आहे. 15 ऑगस्टला ध्वज खालून दोरीने वर नेतात, ते ध्वजारोहण, म्हणजे खरे ‘हॉइस्ट’. 26 जानेवारीला तो आधीच वर बांधलेला असतो आणि केवळ फडकवला जातो. 2002च्या ध्वजसंहितेप्रमाणे ध्वज झटकन चढवायचा आणि सावकाश उतरवायचा असतो. कोकणात ऑगस्टच्या पावसात भिजून फुगलेली दोरी कप्पीत अडकली, म्हणजे हा ‘झटकन’ किती अवघड असतो, ते शाळेच्या पटांगणात उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळते. झेंड्याची काठीकडची कडा, जिच्यात ती दोरी ओवलेली असते, तिलाही इंग्रजीत ‘हॉइस्ट’च म्हणतात.