कुंडीत माती किती मावते?

रोपवाटिकेत 12 इंची कुंडी मागितली की जी मिळते, तिचं तोंड 12 इंचांचं असतं. खाली ती निमुळती होत जाते आणि मातीचा हिशेब तिथेच चुकतो. समजा कुंडी वर 30, तळाला 20 आणि उंचीला 30 सेंटिमीटर आहे. तोंडाचाच व्यास खालपर्यंत धरला तर उत्तर येतं 21 लिटर. प्रत्यक्षात मावतात 15. त्यापेक्षा दोन्ही व्यासांची सरासरी काढावी. ती 25, म्हणून त्रिज्या साडेबारा. साडेबाराचा वर्ग गुणिले 3.14 गुणिले उंची 30, म्हणजे सुमारे 14,700 घन सेंटिमीटर. हजार घन सेंटिमीटरचा एक लिटर होतो, तेव्हा पावणेपंधरा लिटर.

फुटक्या माठाला किंवा जुन्या पिंपाला हे सूत्र चालत नाही. तिथे मी आत प्लास्टिकची मोठी पिशवी अंथरते आणि लिटरच्या बाटलीने पाणी ओतत जाते. काठाखाली दोन बोटं उरली की थांबते. तेवढी जागा पाणी घालताना लागतेच. जितक्या बाटल्या रिकाम्या झाल्या, तितके लिटर माती.

पण 15 लिटरच्या कुंडीला 15 लिटर मोकळी माती पुरत नाही. भुसभुशीत मातीत जवळपास निम्मी जागा हवेची असते. पाणी पडलं की बारीक कण मोठ्या कणांमधल्या फटींत सरकतात आणि माती खाली बसते. मिश्रणातही तेच होतं: एक घमेलं माती आणि एक घमेलं शेणखत कालवलं की दोन घमेली भरत नाहीत. म्हणून मी पंधरा-वीस टक्के माती जास्त आणते.

आणखी एक अडचण म्हणजे कुंडी लिटरने भरते आणि माती किलोने विकली जाते. गेल्या पावसाळ्यात मी किलोवर आणलेली माती ओली होती. उन्हात पसरून वाळवली, तेव्हा कळलं की बऱ्याच पाण्याचेही पैसे मोजले होते. आता मी पोत्यात किती घमेली निघतील तेच विचारते.

गच्चीवर वाफा करायचा असेल तर हेच गणित जिवाशी येतं, आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. चार फूट लांब, दोन फूट रुंद, एक फूट खोल वाफा म्हणजे 8 घनफूट, सुमारे 226 लिटर. भिजलेली माती लिटरला 1.6 किलो धरली तरी वजन साडेतीनशे किलोंच्या वर जातं. दर चौरस मीटरला हा भार पावणेपाचशे किलोंच्या पुढे पडतो. वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात वरून येणारा भार धरतात चौरस मीटरला साधारण 150 किलो. मेथी-कोथिंबिरीला अर्धा फूट माती पुरते, पण तिचाही भार अडीचशेच्या आसपास जातो. म्हणून वाफ्याच्या विटा रचण्याआधी इमारतीचा नकाशा घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरला गाठा. वांगी-टोमॅटोच्या फूटभर खोल कुंड्या तोवर भिंतीलगत किंवा तुळईच्या रेषेवरच ठेवा.